तीन तिघाडा, सवारी फक्कड

"बच्चा कितने साल का है?"

दिल्लीत झंडेवालानच्या सायकल मार्केटमध्ये शिरलं की पहिला प्रश्न हाच. किंमत नंतर, रंग त्याच्याही नंतर. "पुढच्या महिन्यात दोन पूर्ण," आम्ही सांगितलं. माझा नवरा वर टांगलेल्या लालभडक, दिवे-हॉर्न-गाणी-टोपलीवाल्या तीनचाकीकडे डोळे लावून उभा. दुकानदाराने त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करून खालून एक बुटकी, साधी सायकल ओढली आणि लेकीला उचलून तिच्यावर बसवलं. पाय पायडलला टेकले. पण टेकल्यावर पुढे काय करायचं असतं, हे पायांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने ऐटीत हँडल धरलं आणि सायकल आता निघेल, मग निघेल म्हणून वाट बघत बसली.

तिचं काही चुकलं नाही. मुलांच्या वाढीच्या टप्प्यांमध्ये 'तीनचाकी चालवणे' येतं तिसऱ्या वर्षी. एम्समधले ख्यातनाम बालरोगतज्ज्ञ डॉ. ओ. पी. घई यांच्या नावाचं जे जाडजूड पुस्तक देशभरातले एमबीबीएसवाले घोकतात, त्यातही हा टप्पा आहे. आणि गंमत बघा, पायऱ्यांवर एकाआड एक पाय टाकत जिना चढणंही त्याच वर्षातलं. दोन वर्षांचं पिल्लू प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून थांबतं. एक पाय दाबायचा तेव्हा दुसरा सैल सोडायचा, हे जिन्याला लागतं तसं पायडललाही लागतं. म्हणजे ट्रायल घ्यायची तर दुकानाआधी जिन्यावर घ्यावी. फुकट असते.

मग तीन वर्षांपर्यंत काय? आपल्याकडे त्याचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलंय: पांगुळगाडा. तीन लाकडी चाकं, धरायला दांडा, आणि मागून डुलत चालणारं मूल. तीनचाकीच ती, फक्त वर बसायचं नाही. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांतून अजून मिळतो. आत बसवून सोडायचा प्लास्टिकचा गोल वॉकर त्याचा नातेवाईक वाटतो, पण स्वभाव अगदी उलट. पांगुळगाडा मुलाला उभं राहून ढकलायला लावतो, वॉकर त्याला बसल्या बसल्या जिन्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. कॅनडाने २००४ मध्ये चाकांच्या वॉकरवर बंदीच घातली. पांगुळगाड्यावर कुणाची काही तक्रार नाही.

आता जरा वाकून सायकलच्या पोटात डोकावू. लहान मुलांच्या तीनचाकीला चेन नसते, पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, हिशेब रोखठोक. चाक १० इंचांचं असेल तर एका फेऱ्यात गाडी जेमतेम ८० सेंटिमीटर पुढे जाते. मोठ्यांच्या सायकलला तेवढ्यात पाचेक मीटर सहज मिळतात. सोसायटीच्या गेटपासून आमच्या लिफ्टपर्यंत ५० मीटर धरले, तर पोरीला ६२-६३ फेरे मारावे लागतील. संध्याकाळी ती दमून आठला झोपली, तर सायकलचे पैसे वसूल!

पण याच रचनेत एक मेख आहे. पायडल चाकाला बांधलेलं असल्यामुळे चाक फिरलं की पायडल फिरणारच, पाय त्यावर असोत नसोत. मागचा दांडा धरून बाबा जोरात ढकलू लागले की पुढे पायडलं गरगरतात आणि नडगीवर फटके बसतात. म्हणून दोन वर्षांच्या मुलासाठी दांडेवाली घेत असाल, तर पायडल चाकापासून सोडवता येतं का आणि पाय ठेवायला घडीची पट्टी आहे का, एवढं बघाच. गाणी कुठली वाजतात हे नाही बघितलं तरी चालेल. (ती तुम्हाला पाठ होणारच आहेत.)

ब्रेक? बहुतेक तीनचाक्यांना नसतात. उतारावर पायडलं इतक्या वेगाने फिरू लागतात की मूल पाय वर उचलतं आणि होता नव्हता तो लगामही सुटतो. नोएडा-गुरुग्रामची जमीन एरवी सपाट, पण प्रत्येक टॉवरच्या पोटात बेसमेंट पार्किंग आणि त्यात उतरणारा रस्ता असतो. तीनचाकीसाठी आख्ख्या एनसीआरमधली सगळ्यात वाईट जागा तीच. वरून गाडी येते ती वेगळीच.

'तीन तिघाडा काम बिघाडा' ही म्हण ज्याने काढली त्याने तीन दगडांची चूल पाहिली नसावी. चार पायांचं टेबल डुगडुगतं आणि आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो, तिवई मात्र कुठेही मांडा, घट्ट उभी राहते. तीन टेकू कसल्याही उंचसखल जमिनीवर एकदमच टेकतात. सोसायटीच्या वरखाली झालेल्या लाद्यांवर तीनचाकी डुगडुगत नाही ती यामुळे. झटक्यात वळताना मात्र तीच कलंडते, कारण पुढे एकच चाक आणि बाजूला आधार नाही. उपाय दोनच, सीट खाली आणि मागची चाकं एकमेकांपासून लांब. खेळण्यांच्या चाचणीत अशा बसायच्या गाड्या वजन ठेवून १० अंशांच्या उतारावर उभ्या करतात आणि कलंडतात का ते बघतात.

चाचणीचा विषय निघालाच आहे तर एक आकडा इथलाच. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये दिल्ली-एनसीआरच्या बाजारांतून १२१ प्रकारची आयात खेळणी उचलून तपासली. नापास किती? सुमारे ६७ टक्के. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हा शिक्का नुसता बघून भागत नाही. त्याखाली सीएम/एल लिहून परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की कारखाना कुठला ते समोर येतं. मी दुकानात उभ्या उभ्या टाकून पाहिला. दुकानदार हसला, पण रागावला नाही. शिक्का देणाऱ्या बीआयएसचं मुख्यालय बहादूरशहा जफर मार्गावर, आणि व्यंगचित्रकार शंकर यांनी उभारलेलं, १९६५ पासूनचं बाहुल्यांचं संग्रहालयही त्याच रस्त्यावर. खेळण्यांचं कडक खातं आणि खेळण्यांचं लाडकं घर, दोघं शेजारी!

दिल्लीला तीन चाकांचं वेड जुनंच. महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे बाकडी जोडून केलेल्या 'फटफटिया' कॅनॉट प्लेस ते चांदणी चौक अशा धडधडत असत. नव्वदच्या दशकाअखेर प्रदूषणापायी त्या गेल्या. आज सगळीकडे दिसणाऱ्या हिरव्या-पिवळ्या रिक्षांमध्ये बजाजच्या भरपूर, म्हणजे महाराष्ट्राचं पाणी. शिवाय सायकलरिक्षा, ई-रिक्षा आहेतच. इथल्या मुलाला तीन चाकं नवी नाहीत, चालवायला मिळणं तेवढं नवं.

आणि तीन चाकांना कमी लेखू नये. कार्ल बेंझने १८८६ मध्ये ज्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं ती तीनचाकीच होती. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, ही अडचण जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये मोठ्यांच्या तीनचाकीसाठी डिफरन्शियल बसवून सोडवली. ती युक्ती पुढे मोटारींनी उचलली. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीनेही स्टार्लीच्या तीनचाक्या मागवल्या. मुलांच्या तीनचाकीला मात्र डिफरन्शियलची गरजच पडत नाही. जोर पुढच्या चाकावर, मागची दोन आपापल्या गतीने मोकळी. काही न बसवता सुटलेला प्रश्न.

भरीव चाकं बघून 'स्वस्तातली दिसते' म्हणून नाक मुरडू नका. काड्या नाहीत म्हणजे चिमुकली बोटं अडकत नाहीत. घराणंही मोठं आहे. एनसीआरमध्येच येणाऱ्या बागपत जिल्ह्यात, सिनौलीला, २०१८ मध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या गाड्या सापडल्या. त्यांची चाकं भरीव, वर तांब्याचे त्रिकोण जडवलेले. ते रथ की बैलगाड्या, यावर विद्वानांचं भांडण चालू आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये मिळालेल्या काशाच्या वस्तूंत तर चाकांवरचा गेंडा आहे. पोराच्या हट्टाची गाडीही आपल्याकडे जुनी: शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ला नाव मिळालं ते एका लहान मुलाच्या मातीच्या गाडीवरून. त्याला हवी होती शेजारच्या मुलासारखी सोन्याची. आमच्याकडे ते काम टोपलीवाल्या लाल सायकलने केलं, आणि हट्ट बापाचा होता.

चाक कडक प्लास्टिकचं घ्यायचं की फोम-रबराचं? कुब्रिकचा 'द शायनिंग' (१९८०) आठवा. रिकाम्या हॉटेलात पोरगा तीनचाकी पळवतो. उघड्या फरशीवर खडखडाट, गालिच्यावर गुडुप शांतता, पुन्हा खडखडाट. सिनेमात अंगावर काटा येतो. सातव्या मजल्यावर तोच आवाज झाला की सहाव्यावरच्या आंटीचा फोन येतो. फोम घ्या. शिवाय गुळगुळीत लादीवर कडक प्लास्टिकचं पुढचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी ढिम्म हलत नाही, कारण मुलाचं वजन सगळं मागे असतं.

विल्यम एगलस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७० च्या सुमारास मेम्फिसमध्ये एका साध्या तीनचाकीचा फोटो काढला, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून. मागच्या मोटारीपेक्षा सायकल मोठी दिसते. २०१२ मध्ये त्या फोटोची एक प्रत ५,७८,५०० डॉलरला विकली गेली. आमची प्रत्यक्ष सायकल दोन हजारांच्या आत बसली, आणि दुकानदाराने पान्याने नट आवळताना एक जादा वॉशर हातावर ठेवला, तो वेगळाच.

घरी आल्यावर लेक सायकलवर बसलीच नाही. तिने सीटवर बाहुली ठेवली, टोपली नव्हती म्हणून बाहुलीच्या मांडीवर कांदा दिला आणि सायकलच्या मागे उभी राहून, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून, हॉलभर ढकलत निघाली. पांगुळगाडाच तो. दर फेरीला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून बाहुलीला विचारत होती, "किधर जाना है?"