‘आतून वाटतंय’ म्हणजे काय?

गेल्या पंधरवड्यात बारावीत शिकणारा एक विद्यार्थी तापाचे औषध न्यायला दवाखान्यात आला. औषध घेऊन झाले तरी तो उठेना. मग चाचरत म्हणाला, ‘‘डॉक्टर, पेपरात विषबाधेच्या बातमीत ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं येतं. आणि परवा मी एका इंग्रजी लेखात ‘व्हिसरल फिअर’ असं वाचलं. भीतीचा आणि व्हिसेराचा काय संबंध?’’

प्रश्न मोठा नामी होता. त्याचे उत्तर केवळ इंग्रजीच्या अभ्यासापुरते नाही, प्रसंगी जीव वाचवणारे आहे. म्हणून आजचे सदर त्यावरच.

‘व्हिसेरा’ हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ साधा आहे : छाती-पोटाच्या पोकळीतील इंद्रिये. हृदय, फुफ्फुसे, जठर, यकृत, आतडी, मूत्रपिंडे ही सारी त्यात आली. विषबाधेचा संशय असल्यास शवविच्छेदनात जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढून बरण्यांत ठेवतात व रासायनिक तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. पेपरातला व्हिसेरा तो हा. त्यावरून ‘व्हिसरल’ हे विशेषण झाले. पोटातील इंद्रियांभोवती साठणाऱ्या चरबीला आम्ही ‘व्हिसरल फॅट’ म्हणतो. मधुमेह आणि हृदयविकाराला निमंत्रण देणारी चरबी ती हीच. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे.

इंग्रजीत हाच शब्द भावनेलाही लावतात. विचार करून नव्हे, तर आतड्यातून उसळून येते ती भीती, तो संताप, ती किळस ‘व्हिसरल’. मात्र ‘फार मोठी भीती’ एवढाच त्याचा अर्थ नाही. परीक्षेत नापास होऊ, ही भीती कितीही मोठी असली तरी ती विचारातून येते. पायाखाली साप दिसताच डोके चालण्यापूर्वी पोटात जे धस्स होते, ते व्हिसरल. बोलीभाषेत इंग्रज याच जातीच्या अंतःप्रेरणेला ‘गट फीलिंग’ म्हणतात. ‘गट’ म्हणजे आतडे. (‘गट्स’ म्हणजे धमक, तो अर्थ वेगळा.)

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या मराठीत भीतीने पोटात गोळा येतो, चिंतेने कालवाकालव होते, माणूस पोटतिडिकेने बोलतो आणि मुलाच्या आठवणीने आईचे आतडे तुटते. ज्याला काळजीने ‘काळीज’ म्हणतो, ते मटणाच्या दुकानात मागितले तर यकृत मिळते!

या वाक्प्रचारांना शरीरशास्त्राचा आधार आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे आहे. त्यात १० कोटींहून अधिक पेशी आहेत. या जाळ्याला मेंदूशी जोडणारी मुख्य तार म्हणजे व्हेगस नावाची नस. गंमत अशी, की या तारेतील बहुतेक तंतू मेंदूचे हुकूम खाली नेणारे नसून इंद्रियांची खबर वर मेंदूकडे नेणारे आहेत. उलट भीती वाटली की मेंदूच्या इशाऱ्याने ॲड्रिनलिन स्रवते, आतड्यांकडील रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटात खड्डा पडल्यासारखे होते. थोडक्यात, वर-खाली सतत बोलणे चालू असते.

पण ही इंद्रिये बोलतात ती मोघम भाषेत. बोटाला काटा टोचला तर नेमकी जागा दाखवता येते. आतड्याचे तसे नाही. आंत्रपुच्छाला, म्हणजे अपेंडिक्सला, सूज आली की दुखणे आधी बेंबीभोवती मोघम जाणवते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली, की मगच उजवीकडे खाली बोट ठेवून दाखवता येते. हृदयाचेही तसेच. हृदयाकडून येणारे व पोटाच्या वरच्या भागाकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यात जवळजवळच शिरतात. त्यामुळे तक्रार नक्की कुणाची, याचा मेंदूला घोटाळा होतो. दुखते हृदय आणि रुग्ण म्हणतो, ‘गॅस झालाय’.

हा धडा मी पुस्तकात वाचला होता, पण शिकलो रुग्णाकडून. १९९७ साली माझा दवाखाना नवा होता. बाजारपेठेतले एक शिंपीकाका भर दुपारी आले. पोटाच्या वरच्या भागात गच्च वाटत होते, मळमळ होती, कपाळावर घाम होता. उन्हाळ्याचे दिवस, आदल्या रात्री लग्नाचे जेवण. मी आम्लपित्ताचे औषध दिले. दारापर्यंत गेलेले काका मागे वळून म्हणाले, ‘‘डॉक्टर, आज काही खरं नाही, असं आतून वाटतंय.’’ मी हसून म्हणालो, ‘‘काही होत नाही काका, आराम करा.’’ संध्याकाळी त्यांचा मुलगा धावत आला. काकांना मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा कार्डिओग्राममध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. काका वाचले, पण हृदयाचे जे नुकसान त्या सहा तासांत झाले, ते भरून आले नाही. पुढे माझ्या दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मीच तो विसरू शकलो नाही.

‘आता काही खरं नाही’ ही जाणीव हृदयविकाराच्या झटक्यात, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकल्यावर किंवा औषधाची तीव्र ॲलर्जी झाल्यावर रुग्णाला खरोखर होते. वैद्यकाच्या पुस्तकांत तिची लक्षण म्हणून नोंद आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर याचा अभ्यासही झाला आहे. बेल्जियममधील सुमारे ३,९०० आजारी मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत गंभीर काही न दिसताही ‘काहीतरी बिनसले आहे’ असे डॉक्टरांना आतून वाटले, तेव्हा गंभीर संसर्गाची शक्यता बरीच जास्त आढळली. आणि डॉक्टरांना असे वाटण्यामागे एक मोठे कारण होते : ‘या वेळचं आजारपण नेहमीसारखं नाही’ ही आईबापांची काळजी.

मग आतून वाटेल ते सारे खरे मानायचे का? मुळीच नाही. चिंतेचा विकार असलेल्यांना असे वरचेवर वाटते आणि तपासणीत काही निघत नाही. उलट मधुमेही रुग्णाला कधीकधी झटका येऊनही छातीत दुखत नाही. आतून वाटणे हे निदान नव्हे; ते तपासणी करून घेण्याचे कारण आहे. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

म्हणून वाचकहो, चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत गच्च वाटून घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर सोडा पिऊन झोपू नका. लगेच कार्डिओग्राम काढा. १०८ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिला कार्डिओग्राम चांगला आला आणि त्रास थांबला नाही, तर पुन्हा काढायला सांगा. मूल मलूल पडले, हसत-खेळत नाही, श्वास वेगळा वाटतो, असे असेल तर ‘हे नेहमीसारखं नाही’ हे वाक्य डॉक्टरांना संकोच न करता सांगा. ते ऐकणे आमचे काम आहे.

त्या विद्यार्थ्याला मी हे थोडक्यात सांगितले. शिंपीकाकांची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती आज आपल्याला सांगितली.