आठ चेहरे आणि तेरा जन्म : ‘डॉक्टर हू’मधील विसंगतींचा विचार

गेली काही वर्षे मी एका वहीत ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेतल्या चुका टिपत आलो आहे. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका मधला मोठा खंड धरून साठ वर्षांच्या पुढे गेली. निळ्या पोलिसी टेलिफोन-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रातून काळाची सफर करणारा परग्रहवासी ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. एवढ्या काळात लेखक बदलले, निर्माते बदलले, नायकाची भूमिका करणारे नटही बदलले. तेव्हा विसंगती राहणारच. अटलांटिसचेच पाहा. १९६७, १९७१ आणि १९७२ या वर्षांतल्या तीन कथांनी त्याच्या नाशाची तीन निरनिराळी कारणे दिली आहेत.

सुरुवातीला माझी दृष्टी परीक्षकाची होती. ती बदलली १९७६च्या दोन नोंदींमुळे.

मालिकेचा पहिला नट विल्यम हार्टनेल याची प्रकृती ढासळल्यावर १९६६मध्ये निर्मात्यांनी एक युक्ती काढली : डॉक्टर मरत नाही, त्याचा देह पालटतो. अडचणीतून निघालेली ही वाटच पुढे मालिकेचे आयुष्य ठरली. जानेवारी १९७६मध्ये ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ ही कथा आली. तीत मनांच्या द्वंद्वात डॉक्टरचे पूर्वीचे चेहरे पडद्यावर उमटतात. आधी ओळखीचे तीन, आणि मग आठ अनोळखी. म्हणजे हार्टनेल हा पहिला डॉक्टर नव्हेच! त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘द डेडली असॅसिन’ने मात्र नियम घातला की, डॉक्टरच्या जमातीला बाराच वेळा देह पालटता येतो, एकूण जन्म तेरा. आता बेरीज करा. आठ अनोळखी, तीन ओळखीचे आणि त्या वेळचा टॉम बेकर, म्हणजे हा बारावा. डॉक्टरचा एकच जन्म उरला, आणि कथेत कोणी चकार शब्दही काढत नाही.

ही विसरभोळ्या माणसाची चूक म्हणावी, तर दोन्हींमागे हात एकच होता. रॉबर्ट होम्स पहिल्या कथेचा पटकथा-संपादक होता. त्या आठ चेहऱ्यांसाठी निर्मितीतल्या मंडळींनीच वेषांतर केले होते, आणि त्यांत होम्सचाही चेहरा आहे. दुसरी कथा तर त्यानेच लिहिली. पहिल्या प्रसंगाला डॉक्टरचे गूढ हवे होते. दुसऱ्या कथेतल्या खलनायकाला शेवटच्या जन्माची धास्ती हवी होती. होम्सने ज्या त्या कथेची गरज भागवली.

त्याला हे परवडले, कारण त्याचा प्रेक्षक शनिवारी संध्याकाळी एकदा पाहून उठणारा होता. पुनःप्रक्षेपण क्वचित होई. चित्रफिती महाग, म्हणून बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग त्यात हरपले. जिथे दप्तरच जपले जात नव्हते, तिथे ताळा कोण पाहणार? १९८३पासून या मालिकेच्या व्हिडिओ कॅसेट विक्रीला येऊ लागल्या आणि प्रेक्षकाच्या हाती मागे फिरण्याची कळ आली. माझ्या मते विसंगती लिहिली गेली तेव्हा जन्मली नाही. ती पुन्हा पाहिली गेली तेव्हा जन्मली.

मग नंतरच्या लेखकांना जुनी देणी फेडावी लागली. २०१३च्या नाताळातल्या भागात डॉक्टरचे तेरा जन्म संपल्याचे मान्य करून त्याला नवे जन्मचक्र देण्यात आले. मार्च २०२०मध्ये ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ने त्याला हार्टनेलपूर्वीचे अगणित जन्म दिले, आणि चव्वेचाळीस वर्षे अधांतरी राहिलेल्या त्या आठ चेहऱ्यांना जागा मिळाली. ताळा जुळला, पण मी वही मिटून बराच वेळ अस्वस्थ होतो. मोजक्या जन्मांमुळे प्रत्येक मरणाला वजन होते. हिशेब जुळवताना ते वजन हलके झाले.

याहून शहाणा मार्ग मला दुसऱ्या एका नोंदीत सापडला. ‘युनिट’ या लष्करी पथकाच्या कथा कोणत्या दशकात घडतात? १९७५च्या एका कथेत त्या पथकाच्या काळातली सारा स्वतःला १९८०ची म्हणवते. १९८३च्या कथेत पथकाचा ब्रिगेडियर १९७६लाच निवृत्त झालेला आहे. हे कोडे कधीच सुटले नाही. नोव्हेंबर २०१३च्या सुवर्णमहोत्सवी भागात ब्रिगेडियरची मुलगी एक जुनी फाइल मागवते आणि सांगते की, ती सत्तरच्या दशकातली असेल किंवा ऐंशीच्या, कालगणना कोणती धरता त्यावर अवलंबून. एका वाक्यात चूक कबूल झाली आणि कोणाचेही काही हिरावले गेले नाही.

माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत : दुरुस्त केलेल्या चुका आणि तशाच ठेवलेल्या चुका. मी पुन्हा पुन्हा उघडतो तो दुसरा.