भिऱ्याहून दिसणारी मुंबई

दाबाला धारेने भागलं की रोध आणि गुणलं की शक्ती, ही दोन वाक्यं पेणच्या शाळेत आणि रोह्याच्या शाळेत सारखीच घोकली जातात. दोन्हीकडे एक प्रश्नही सारखाच राहून जातो: दाब कोणत्या दोन टोकांमधला? हा प्रश्न न विचारता केलेली आकडेमोड बेरीज-गुणाकाराने बरोबर येते आणि अर्थाने फसते, असं माझं म्हणणं आहे. त्याचा पुरावा शोधायला रायगड जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. रोह्याहून कोलाडमार्गे कुंडलिकेच्या वरच्या अंगाला गेलं की भिरा येतं. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे 1927 साली सुरू झालं. मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी एरवी भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते सह्याद्रीच्या पोटातून सुमारे 500 मीटर खाली उतरतं, चक्रं फिरवतं आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळतं. इतक्या उंचीवरून सेकंदाला एक घनमीटर पाणी पडलं तर हिशेबाने 4,900 किलोवॉट होतात. उंची 50 मीटरच असती, तर तेवढ्याच शक्तीला दहापट पाणी लागलं असतं आणि त्यासाठी नळही तेवढेच अजस्र. पाणी थोडं नि उंची फार, ही निवड घाटाने करून दिली. वीज मुंबईला नेताना अभियंत्यांनी तीच निवड पुन्हा केली: धारा थोडी, दाब फार.

खोपोलीहून 1915 साली मुंबईला वीज गेली ती एक लाख व्होल्टच्या दाबाने, आणि भिऱ्याची वाहिनीही त्याच घरातली. समजा 25,000 किलोवॉट पाठवायचे आहेत आणि जाण्या-येण्याच्या तारांचा रोध 20 ओहम आहे. (खरी वाहिनी तीन फेजची असते. त्याने आकडे बदलतात, मुद्दा बदलत नाही.) एक लाख व्होल्टला धारा 250 अँपिअर. तारेत जळणारी शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, 1,250 किलोवॉट, शेकडा पाच. आता दाब 10,000 व्होल्ट धरा. धारा 2,500 अँपिअर होते आणि तारेतलं नुकसान 1,25,000 किलोवॉट, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या पाचपट! अर्थात हे घडणारच नाही. ती तार मुंबईपर्यंत वीज पोचवूच शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नुकसान पुन्हा शेकडा पाचवर आणायचं तर तांबं शंभरपट घालावं लागेल. इथे हुशार विद्यार्थी हमखास हरकत घेतो: शक्तीचं दुसरं सूत्र दाबाचा वर्ग भागिले रोध असं आहे, मग दाब वाढवला की नुकसान वाढायला हवं. हरकत चुकीची असली तरी मला ती फार मोलाची वाटते, कारण राहून गेलेला प्रश्न ती अचूक उघडा पाडते. त्या सूत्रातला दाब तारेच्या स्वतःच्या दोन टोकांमधला. तो एक लाख नाही. 250 गुणिले 20, म्हणजे 5,000 व्होल्ट. त्याचा वर्ग करून 20 ने भागा, तेच 1,250 किलोवॉट येतात.

मग एक लाखाला 250 ने भागून आलेले 400 ओहम कुणाचे? त्यातले 20 तारेचे. उरलेले 380 म्हणजे भिऱ्याहून दिसणारी मुंबई: गिरण्या, दिवे, सगळं मिळून. रात्री गिरण्या थांबल्या की हा आकडा वाढतो, पहाटे भोंगा झाला की उतरतो. तारेच्या रोधासारखा तो पदार्थाचा गुण नव्हे. शिवाय जाणकार म्हणेल की गिरणीतली मोटर म्हणजे काही शेगडीची तार नव्हे. तिथे दाब भागिले धारा केलं की नुसता रोध मिळत नाही, आणि गुणाकाराने खरे किलोवॉटही मिळत नाहीत. हे पूर्ण मान्य. मोटरची धारा दाबाच्या मागे रेंगाळते. पॉवर फॅक्टर 0.8 झाला तर तेवढ्याच कामाला 250 ऐवजी 312.5 अँपिअर लागतात आणि तारेतलं नुकसान 1,250 वरून 1,953 किलोवॉटवर जातं. पण या हरकतीने माझं म्हणणं पक्कंच होतं: त्या वाढीव अँपिअरांनी गिरणीत एक सूतही जास्त निघत नाही, तापते ती मधली तार. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला हे धडा म्हणून शिकवावं लागत नाही. उच्चदाब ग्राहकाचं बिल आता केव्हीएएचवर येतं, त्यात रेंगाळणाऱ्या धारेचे पैसे धरलेले असतात. धारा थोडी, दाब फार ही निवड रेल्वेतही दिसते. मुंबईत 1925 साली विजेची गाडी धावली ती 1,500 व्होल्टवर, रोह्यापासून पुढे कोकण रेल्वेच्या तारेत 25,000. चार हजार किलोवॉट ओढणाऱ्या इंजिनाला पहिल्या दाबाला 2,667 अँपिअर लागतील, दुसऱ्याला 160. म्हणूनच जुन्या पद्धतीत दर काही किलोमीटरला उपकेंद्र लागायचं.

या वर्गाच्या हिशेबाने नकाशाही ठरवला, आणि तिथे मात्र सूत्रांची निरागसता मला पटत नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. ‘जान किंवा जमीन’ म्हणणाऱ्या मावळ्यांच्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकार नुकसानभरपाईला राजी होते, लढा तिथेच चिरला. दाबाचा आकडा यात कुठे आला, असं कुणी विचारेल. जमीन बुडवली ती धरणाने, व्होल्टने नव्हे. खरं आहे. पण 10,000 व्होल्टच्या जगात मुळशीचं पाणी मुंबईच्या गिरणीला निरुपयोगी होतं, ते गिऱ्हाइकाच्या टप्प्यात आणलं एक लाखाने. कोळशाचा धूर कमी झाला, वीज स्वस्त पडली, ही टाटांची बाजूही खरीच. फक्त ती 380 ओहमच्या टोकाला खरी होती. वाटेवरच्या गावाला त्या तारेतून दिवा लावून घेणंही सोपं नव्हतं. एक लाख व्होल्ट उतरवायचे तर रोहित्र, तेलातला ब्रेकर, चिनी मातीचे इन्सुलेटर असा सगळा सरंजाम पुऱ्या दाबाला टिकणारा लागतो, पुढे अख्खी गिरणी असो की वीस दिवे.