आठ पायांची चिप आणि कानांचा कौल

हेडफोन अँप्लिफायरच्या तळाचे चार स्क्रू काढले की आत हिरव्या पाटीवर एक आठ पायांची काळी चिप दिसते. ही ऑप-अँप. बऱ्याच अँपमध्ये ती सोल्डर केलेली नसते, सॉकेटात नुसती दाबून बसवलेली असते, आणि या सॉकेटाने जगभरच्या हौशी श्रोत्यांना एक छंद लावला आहे. जुनी चिप उपटायची, दुसरी खोचायची आणि गाणे लावून कौल द्यायचा. एनई ५५३२ ‘कोरडी’, ओपीए २१३४ ‘ऊबदार’, एलएम ४५६२ ‘लख्ख’, ओपीए ६२७ ‘रेशमी’ अशी विशेषणे आता जवळपास ठरून गेली आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ५५३२ वडापावच्या भावात मिळते. अस्सल ओपीए ६२७ ला काही हजार मोजावे लागतात आणि तिच्यात एकच अँप असल्यामुळे दोन कानांसाठी दोन घ्याव्या लागतात. किमतीत एवढे अंतर आहे म्हणजे आवाजातही काहीतरी असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की चिप म्हणजे फोडणीतला जिन्नस नव्हे, तिला स्वतःची चव नसते. नीट आखलेल्या सर्किटात एक चांगली चिप काढून दुसरी चांगली चिप बसवली तर कानाला काहीच कळत नाही. आणि खरोखर कळलेच, तर तो बहुधा चिपचा गुण नसून चिप आणि सर्किट यांचा संसार न जमल्याचा पुरावा असतो.

याचे कारण चिपच्या कामाच्या पद्धतीत आहे. मोकळी सोडलेली ५५३२ आत आलेला सिग्नल साधारण एक लाख पटींनी वाढवते. हेडफोनला एवढे नको असते, तीन-चार पट पुष्कळ झाले. उरलेली ताकद चुका दुरुस्त करण्याकडे वळवतात. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा ठरावीक हिस्सा दोन रेझिस्टरांमधून परत आत येतो, चिप तो मूळ सिग्नलशी ताडून पाहते आणि फरक दिसताच मोडून काढते. हा निगेटिव्ह फीडबॅक बेल लॅबच्या हॅरोल्ड ब्लॅकला २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचला आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच खरडून ठेवला. लांबच्या टेलिफोन तारांवर एकामागून एक अँप लावताना आवाजाची होणारी वाताहत थांबवणे हा त्याचा प्रश्न होता. या युक्तीमुळे अँप किती पट वाढवणार हे ते दोन रेझिस्टर ठरवतात. चिपच्या स्वभावाला तिथे फारसे विचारले जात नाही. पोटात दोष उरतो तो किरकोळ. नीट वापरलेल्या ५५३२ चे डिस्टॉर्शन हजारांश टक्क्याच्या आसपास राहते. एलएम ४५६२ च्या माहितीपत्रकात हाच आकडा ०.००००३ टक्के आहे, म्हणजे कागदावर कितीतरी सरस. पण पुढे जो हेडफोन लावायचा त्याचा पडदा स्वतःच ०.१ टक्क्याच्या घरात डिस्टॉर्शन करतो, खर्जात त्याहूनही जास्त. शंभर पटींनी मोठ्या दोषामागे दडलेला दोष आणखी लहान केला, तर ते कानाला कळावे कसे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याकडच्या माणसाला चटकन पटतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की जवारी खुलते आणि सगळा नाद बदलतो; मग एवढीशी चिप का बदलू शकणार नाही? उदाहरण सुरेख आहे, फक्त ते उलट बाजूने बोलते. तंबोऱ्यात घोडी आणि दोरा मिळून तारेतून नवे स्वरांश उमटवतात, तेच त्यांचे काम. तंबोरा नाद घडवतो. अँपने काही घडवायचे नसते, आले तसे मोठे करून पुढे द्यायचे असते, आणि फीडबॅक नेमका ‘जवारी’ पुसून टाकण्यासाठी बसवलेला असतो. ज्याला खरोखर अँपचा रंग हवा आहे त्याने व्हॉल्व्हचा अँप घ्यावा. तो रंग मोजता येतो, ऐकूही येतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मग ही समजूत आली कुठून? हवेतून नाही. १९६८ मध्ये फेअरचाइल्डने बाजारात आणलेली ७४१ ही चिप सगळीकडे पोचली, ऑडिओतही शिरली, आणि ऑडिओसाठी ती खरोखर वाईट होती. तिच्यातून बाहेर पडणारा व्होल्टेज एका मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट बदलू शकतो. दहा व्होल्ट शिखराची लहर ८ किलोहर्ट्झच्या वर गेली की ७४१ धापा टाकू लागते आणि गोल लहरीचा त्रिकोण करून ठेवते. अशा यंत्रातून ७४१ काढून टीएल ०७१ किंवा ५५३४ बसवली की आवाज सुधारायचा, यात भ्रम नव्हता. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्सची ५५३२ आली तिचा वेग मायक्रोसेकंदाला ९ व्होल्ट. हेडफोनला तीन व्होल्ट शिखराची २० किलोहर्ट्झची लहर द्यायची तर ०.४ व्होल्टही लागत नाही. रोग बरा झाला, औषध मात्र चालू राहिले.

तरीही चिप बदलल्यावर काही अँप वेगळे वाजतात, आणि ही प्रकरणे पाहण्यासारखी आहेत. पहिले विद्युतप्रवाहाचे. खिशात मावणाऱ्या साध्या अँपमध्ये ऑप-अँपच थेट हेडफोन ओढते. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट द्यायचा तर शिखरावर ४४ मिलिअँपिअर लागतात. ५५३२ ची मर्यादा ३८ च्या आसपास, टीएल ०७२ ची त्याहून कमी. तिथे ७० मिलिअँपिअर देणारी एनजेएम ४५५६ बसवली तर मोठ्या आवाजातला चिरकेपणा जाईल. हा फरक खरा, पण त्याला ‘ऊब’ म्हणण्याचे कारण नाही; बैल बदलला, गाडी हलली. चिपच्या पुढे प्रवाह पुरवणारा वेगळा बफर असेल तर हा मुद्दाच उरत नाही.

दुसरे प्रकरण नॉइजचे, आणि इथे महाग चिप चक्क हरू शकते. व्हॉल्यूमचा पॉट ५० किलोओहमचा असेल तर मधल्या जागी तो चिपला साडेबारा किलोओहमचा दिसतो, आणि एवढ्या रेझिस्टन्सचा स्वतःचाच नॉइज १४ नॅनोव्होल्ट असतो (हिशेब दर हर्ट्झच्या वर्गमुळाचा, पण तुलनेला तो सगळीकडे सारखाच आहे). एलएम ४५६२ चा व्होल्टेज-नॉइज २.७ आणि ५५३२ चा ५, म्हणून पहिली शांत, असे जाहिरात वाचणारा म्हणेल. पण चिपच्या तोंडाशी प्रवाहाचाही नॉइज असतो. एलएम ४५६२ चा १.६ पिकोअँपिअर, ५५३२ चा ०.७. साडेबारा किलोओहममधून गेल्यावर त्यांचे अनुक्रमे २० आणि ९ नॅनोव्होल्ट होतात. सगळे मिळवले की ‘शांत’ चिप साधारण ३ डेसिबलने जास्त गोंगाटी निघते. इथे सर्वांत शांत राहते ती ओपीए २१३४, कारण तिच्या तोंडाशी एफईटी आहे आणि तिला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. हीच एलएम ४५६२ दीड-दोनशे ओहमच्या मायक्रोफोनमागे लावा, ती सोन्यासारखे काम करेल. कंपन्या महाग चिप बनवतात त्या अशा जागांसाठी. चिप चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाच्या मागे आणि कोणाच्या पुढे, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तिसरे प्रकरण बिघाडाचे. एफईटी चिपसाठी आखलेल्या अँपमध्ये ५५३२ खोचली तर तिला लागणारे २०० नॅनोअँपिअर त्याच पॉटमधून वाहतात, अडीच मिलिव्होल्टचा डीसी तयार होतो, चार पट होऊन बाहेर पडतो आणि नॉब फिरवताना खरखर ऐकू येते. त्याहून वाईट म्हणजे ऑसिलेशन. ओपीए ६३७ ही ६२७ ची जुळी बहीण, पाय तसेच, सॉकेट तेच. पण निदान पाच पट वाढवायचे असेल तरच ती स्थिर राहते. तीन पटींच्या अँपमध्ये ती मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःशीच ओरडत बसते. ते ओरडणे कानाला ऐकू येत नाही, चिप तापते, संगीतावर एक बारीक कड येते, आणि ऐकणारा त्याला ‘जास्त तपशील’ म्हणू शकतो. त्यात ओपीए ६२७ च्या नावाने नकली माल इतका फिरतो की रेशमी म्हणून वाखाणलेली चिप आत काय होती, कोण जाणे.

‘पण मला ऐकू येतो ना फरक!’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ऐकू येतो हे खरे असते, तो चिपमधून येतो हे सिद्ध झालेले नसते. चिप बदलायला अँप बंद करावा लागतो, दोन-चार मिनिटे जातात. बारीक नादभेदांची आठवण तेवढा वेळ टिकत नाही. नॉब किंचित पुढे राहिला तर अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ न वाटता ‘खुला’ वाटतो. आणि हजारो रुपये मोजलेला कान तटस्थ राहत नाही. मोजमापात सगळे येत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी मोजमापापलीकडची एक गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक आवडत्या रेकॉर्डिंगांचा आवाज स्टुडिओच्या कन्सोलमध्ये ५५३४, ५५३२ आणि टीएल ०७२ अशा चिपच्या लांबलचक रांगेतून गेलेला आहे. त्या रांगेने मिटवलेले काहीतरी शेवटची एक चिप परत आणील, हे कसे घडेल?

हे सगळे बाजूला ठेवून निव्वळ कानावरही सोडता येते. एकसारखे दोन अँप, आत वेगळ्या चिप, मध्ये एक स्विच. मल्टिमीटर लावून दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणायची, त्याच वेळी डीसी तपासायचा. मग दुसऱ्या कोणीतरी नाणे उडवून स्विच फिरवायचा आणि ऐकणाऱ्याने नाव सांगायचे, सोळा वेळा. बारा किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. तेव्हा अँप पुन्हा उघडावा आणि आधी त्याच्या सर्किटात काय बिनसले ते शोधावे.