गळाला लागलेला आयुष्यभराचा छंद

पोटासाठी मासे पकडणे वेगळे आणि छंदासाठी पकडणे वेगळे. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकेतील 'लार्जमाउथ बास' या गोड्या पाण्यातील माशाचे उदाहरण पाहावे. शाळकरी वयात वडील किंवा आजोबांबरोबर तळ्याकाठी बसलेल्या मुलाच्या गळाला पहिला बास लागतो आणि पुढे जन्मभर तो मुलगाच या माशाच्या गळाला लागतो. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत आले आहे.

या ओढीचे कारण माशाच्या स्वभावात आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला हा मासा पाणवनस्पती, बुडालेली झाडे किंवा खडकांच्या आडोशाला दबा धरून बसतो. अंगावरील पार्श्वरेषेमुळे त्याला पाण्यातील सूक्ष्म कंपने जाणवतात. विणीच्या काळात नर घरट्यातील अंड्यांची राखण करतो. त्या वेळी भूक नसतानाही तो जवळ आलेल्या आमिषावर तुटून पडतो. गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी घेऊन, डोके झटकून तो गळ सोडवू पाहतो. त्यामुळे ऋतू, पाण्याचे तापमान, प्रकाश आणि तळाची रचना यांचा अंदाज घेतल्याशिवाय यश मिळत नाही. एकाच तळ्यावर वर्षानुवर्षे जाणाऱ्यालाही नवे काही शिकावे लागते, म्हणूनच हा छंद सहसा जुना होत नाही.

ट्राउट हाच प्रतिष्ठितांचा मासा मानला जाण्याच्या काळात, १८८१ मध्ये, जेम्स हेन्शॉल या डॉक्टरांनी बासवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्याची बाजू मांडली. पुढे २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास पकडला. महामंदीचे दिवस होते. वजनाची नोंद करून घेतल्यावर तो विश्वविक्रमी मासा पेरीच्या घरी शिजवून खाल्ला गेला.

छंदाला संघटित रूप दिले ते अलाबामातील विमा विक्रेते रे स्कॉट यांनी. १९६७ मध्ये त्यांनी आर्कान्साच्या बीव्हर लेक जलाशयावर स्पर्धा भरवली. १९७१ मध्ये 'बासमास्टर क्लासिक' ही मानाची स्पर्धा सुरू झाली. मात्र स्पर्धक वाढले तसा माशांच्या संहाराचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा १९७२ पासून स्कॉट यांनी पकडलेला मासा होडीतील टाकीत जिवंत ठेवायचा, त्याचे वजन करायचे आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचे, असा पायंडा पाडला. मासा सोडून देणे हे सभ्य मत्स्यशौकिनाचे लक्षण ठरले.

जपानमध्ये मात्र याच रीतीला उलटा अर्थ प्राप्त झाला. तेथे १९२५ मध्ये आशी सरोवरात बास आणून सोडण्यात आला आणि कालांतराने तो देशभर पसरला. बिवा या जपानमधील सर्वांत मोठ्या सरोवरात तो आणि अमेरिकेतूनच आलेला ब्लूगिल मासा स्थानिक माशांची अंडी व पिल्ले फस्त करू लागले. 'फुनाझुशी' हा पारंपरिक पदार्थ ज्यापासून बनतो, तो 'निगोरोबुना' मासाही घटला. काठावरील वेताची बने नष्ट होणे हेही त्याचे एक कारण होते. अखेर शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा सरोवरात सोडण्यास बंदी केली. २००५ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय कायद्याने बास जिवंत बाळगणे, त्याची वाहतूक करणे आणि तो अन्यत्र सोडणेही निषिद्ध ठरवले. गळ टाकण्यावर मात्र बंदी नाही.

पेरीच्या विक्रमाची बरोबरी याच बिवा सरोवरात झाली, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी तेथे २२ पौंड ५ औंसांच्या आसपास वजनाचा बास पकडला. जुना विक्रम मोडण्यासाठी किमान दोन औंसांचा फरक आवश्यक असल्याने दोघांची नावे संयुक्तपणे नोंदवण्यात आली.

एकच मासा मूळ पाण्यात जपण्याजोगा, तर परक्या पाण्यात उपद्रवी ठरतो. म्हणूनच हा छंद जोपासणाऱ्याला माशाइतकीच पाण्याचीही ओळख असावी लागते. पकडलेला मासा सोडायचा की नाही, याचे उत्तर शेवटी त्या पाण्यावरच अवलंबून असते.