नझूल जमीन

शहराच्या हद्दीतील, शेतीखाली नसलेली व इमारती, बाजार, रस्ते, मैदाने आदींसाठी उपयोगी पडणारी शासकीय मालकीची जमीन. ‘नझूल’ हा शब्द अरबीतून आला असून पूर्वी तो मुख्यत्वे वारसाअभावी सरकारजमा झालेल्या मालमत्तेस लावीत. विदर्भात, विशेषतः अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत, महसुली परिभाषेत तो आजही रूढ आहे.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे आला आणि १९०२ च्या कराराने हा प्रदेश सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला. येथील जमिनीस पुढे वऱ्हाड जमीन महसूल संहिता (१९२८) व नंतर मध्य प्रदेशाची संहिता (१९५४) लागू झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर काही वर्षांनी त्यांची जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) घेतली. खाजगी मालकीची नसलेली सर्व जमीन राज्याची, हे तत्त्व या संहितेत ग्रथित आहे. जमीन कोणास व कोणत्या अटींवर द्यावयाची, हे शासकीय जमिनींच्या विल्हेवाटीविषयीच्या १९७१ च्या नियमांनी ठरते.

शहरातील सार्वजनिक जमीन एकाच मालकाची नसते. नझूल जमीन राज्य शासनाची असून तिचा कारभार जिल्हाधिकाऱ्याकडे असतो, तर नगरसंस्थेची जमीन ही त्या संस्थेची मालमत्ता होय. अमरावती (१९८३) व अकोला (२००१) येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. महानगरपालिकेची स्थावर मालमत्ता आयुक्तास महापालिकेच्या मंजुरीने विकता वा पट्ट्याने देता येते आणि मोबदला, काही अपवाद वगळता, चालू बाजारभावाहून कमी असता कामा नये, असा कायद्याचा दंडक आहे. लहान शहरांतील नगरपरिषदांना मालमत्ता हस्तांतरित करण्यासाठी एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. अल्प मुदतीच्या भाड्याला मात्र एवढे बंधन नाही.

जमीन देण्यापूर्वी आखीव पत्रिकेवरून मालकी व क्षेत्र तपासतात. विकास योजनेत ती शाळा, उद्यान वा रस्ता यांसाठी आरक्षित आहे काय, हे पाहतात आणि मूल्यांकन करवून घेतात. त्यानंतर लिलाव करावयाचा की थेट प्रदान, हे ठरते. लिलावाने भाव उघड होतो व पक्षपातास वाव कमी राहतो. परंतु अधिक बोली करणाऱ्याचाच उपयोग समाजाला अधिक असतो, असे नाही. म्हणून शैक्षणिक, वैद्यकीय व तत्सम संस्थांना लिलावाविना जमीन देण्याची तरतूद नियमांत आहे. सार्वजनिक संपत्तीचे वाटप न्याय्य व पारदर्शक असलेच पाहिजे. मात्र प्रत्येक प्रसंगी लिलाव ही घटनात्मक सक्ती नव्हे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर दिले.

विक्रीत मालकी कायमची जाते. पट्ट्यात ती शासनाकडे राहते. पट्टेदार प्रारंभी अधिमूल्य व पुढे दरसाल भूभाडे देतो आणि अटींचा भंग झाल्यास जमीन परत घेता येते. विदर्भातील नझूल पट्टे बहुधा ३० वर्षांचे असून नूतनीकरणक्षम आहेत. परंतु मुदतीत भाडे न वाढल्यास त्याचे खरे मूल्य घटत जाते आणि पट्टा नाममात्र भाड्याची विक्रीच ठरतो. मुदत संपून नूतनीकरण रखडल्यास कुटुंबाचे घर उभे असते, पण ते गहाण ठेवणे वा विकणे कठीण होते. शासनाचेही उत्पन्न बुडते. ही कोंडी फोडण्यासाठी पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग १ मध्ये रूपांतरित करण्याचे नियम २०१९ मध्ये झाले आणि विदर्भातील निवासी नझूल जमिनींसाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना मंजूर केली.

अशा रूपांतराने रहिवाशास स्थैर्य लाभते. मात्र भावी पिढीच्या दवाखान्यासाठी वा बाजारासाठी ती जागा शासनाच्या हाती उरत नाही. म्हणून पट्टा विक्रीहून हितकर ठरतो तो केवळ मालकी राखल्यामुळे नव्हे. अटींची तपासणी, भाड्याची फेरआकारणी व मुदतीअखेरचा निर्णय ही कामे वेळेवर झाली, तरच राखलेल्या मालकीला अर्थ राहतो.