हृदयाच्या कप्प्याचें माप

'इको'चा कागद घरीं आला कीं सुशिक्षित मंडळी प्रथम त्यांतील एक आंकडा शोधतात. मागील खेपेस 'पंपिंग' ६० टक्के होतें, या खेपेस ५५ निघालें. झालें, सर्व घर चिंतेंत पडतें! हा आंकडा कसा निघतो व त्यावर भिस्त किती ठेवावी, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरला असतां त्यांत सुमारें १२० मिलिलिटर रक्त असतें व एका ठोक्यास त्यांतील ७० बाहेर पडतें. या दोहोंचें शेंकडा प्रमाण तोच हा आंकडा. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध केलें, तेव्हां मृत मनुष्याच्या कप्प्यांत दोन औंसांहून अधिक रक्त आढळल्याचें त्यानें नमूद केलें. तें माप स्थूल होतें, पण त्याच्या प्रश्नास तेवढें पुरेसें होतें. आजचे प्रश्न सूक्ष्म आहेत.

१९५३ सालीं स्वीडनांतील लुंड येथें एड्लर व हर्ट्झ यांनीं प्रतिध्वनीच्या साहाय्यानें हृदयाचें चलन टिपलें. पुढें कप्प्याची केवळ रुंदी मोजून तिचा घन करण्याची रीत पडली. येथें गणित पाहावें: रुंदी ५ सेंटिमीटर असतां घन १२५, तीच चुकून ५.२ मोजिली तर १४० हून अधिक. चूक दोन मिलिमीटरांची, पण आकारमानांत ती शेंकडा बारांवर गेली! शिवाय झटक्यानंतर भिंतीचा एखादाच भाग दुबळा झाला असेल, तर एका रुंदीवरून सर्वांची परीक्षा होत नाहीं.

म्हणून आतां दोन बाजूंनीं चित्रें घेऊन कप्प्याच्या, पोळ्यांच्या चवडीप्रमाणें, वीस चकत्या कल्पितात व त्यांची बेरीज करितात. ही सिम्प्सनची रीत. तींतहि दोष आहे. काकडी उभी चिरतांना सुरी टोंकांतून न जातां बाजूनें गेली तर फोड आंखूड निघते; तसाच कप्पाहि आंखूड दिसतो व माप कमी भरतें. एम्.आर्.आय्.मध्यें आकार गृहीत धरावा लागत नाहीं, म्हणून तें प्रमाण मानितात; तथापि सर्वांत वरची चकती कोठें धरावी, हें तेथेंहि पाहणाराच ठरवितो.

हा शुष्क वाद नव्हे. आंकडा ३५ किंवा त्याहून कमी असल्यास छातींत यंत्र बसविण्याचा विचार होतो; कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिनसारखें औषध चालू ठेवावें कीं नाहीं, हेंहि बरेंच यावर अवलंबून असतें. अशा वेळीं कोणत्या रीतीनें मोजिलें, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

एरव्हीं, साध्या इकोंत पांच टक्क्यांचा फरक हृदय तसेंच असूनहि पडूं शकतो. तपासणी शक्यतों त्याच ठिकाणीं, त्याच रीतीनें करवावी व जुने कागद बरोबर न्यावे. मात्र चढतांना धाप लागूं लागली, पाय सुजूं लागले, तर आंकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसूं नये. रोग्याची प्रकृति हीच मुख्य; आंकडा तिचा साक्षीदार.